पहिली नोकरी : पायरी की ओसरी?

दरवर्षी आंतरवासिता संपण्याच्या सुमारास आमच्या चिकित्सालयात नवपदवीधर वैद्यांची ये-जा सुरू होते. हातात प्रमाणपत्रांची फाईल, चेहऱ्यावर साडेपाच वर्षांच्या श्रमांचे समाधान आणि ओठांवर एकच प्रश्न असतो, "सर, आता पुढे काय करावे?" काहींना एम.डी. करावयाचे असते, त्यासाठी २०१७ पासून देशपातळीवर एकच प्रवेश परीक्षा आहे आणि इच्छुकांच्या मानाने जागा थोड्या आहेत. काहींना स्वतःचा दवाखाना थाटावयाचा असतो, परंतु गाळ्याची अनामत भरण्याइतके पैसे जवळ नसतात. अनेकांच्या घरी शैक्षणिक कर्जाचे हप्ते सुरू होण्याच्या बेतात असतात. अखेरीस यांतील पुष्कळजण खासगी रुग्णालयातील आर.एम.ओ.ची रात्रपाळी स्वीकारतात, काही १०८ रुग्णवाहिकेवर जातात, तर काही औषधनिर्माणशाळेत रुजू होतात. निरोप घेताना मात्र बहुतेकांचे वाक्य ठरलेले असते, "सर, एका वर्षाचाच प्रश्न आहे. ही केवळ पायरी आहे."

गतवर्षी अशाच एका सायंकाळी चौतीस वर्षांचे एक वैद्य आमच्याकडे आले. पदवीनंतर अकरा वर्षे त्यांनी एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात काढली होती. रक्तातील वायूंचा अहवाल ते वर्तमानपत्र वाचावे तितक्या सहजतेने वाचत. कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्ण त्यांच्या हाती सोपवून तज्ज्ञ मंडळी निश्चिंतपणे घरी जात. त्यांनी संकोचून विनंती केली, "आठवड्यातून दोन सायंकाळी आपल्याजवळ बसू द्याल का? आमवाताच्या साध्या रुग्णाला पहिल्या भेटीत काय द्यावे, हे मला आता ठरवता येत नाही." तेही अकरा वर्षांपूर्वी एका वर्षासाठीच गेले होते.

त्यांच्या बोलण्याने आम्ही अस्वस्थ झालो, कारण असाच प्रसंग एकेकाळी आमच्यावरही आला होता. पायरी चढावयाची असते. तिच्यावर दीर्घकाळ बसून राहिले की तिचीच ओसरी होते आणि घरात शिरावयाचे राहून जाते. हे का घडते, ते कसे टाळता येईल आणि त्यात आपणा ज्येष्ठांचा व निर्माणशाळांच्या मालकांचा वाटा किती, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

पहिल्या नोकरीच्या वाटा

बी.ए.एम.एस. पदवीधरापुढे आज पूर्वीपेक्षा अधिक वाटा आहेत. महाराष्ट्रातील लहानमोठी खासगी रुग्णालये रात्रीच्या सेवेसाठी दीर्घकाळ आपल्या पदवीधरांवर विसंबून राहिलेली आहेत. २०१४ मध्ये राज्यात १०८ क्रमांकाची आपत्कालीन वैद्यकीय सेवा सुरू झाली, तेव्हा तिच्यासाठी ९३७ रुग्णवाहिकांची योजना होती आणि रुग्णवाहिकेत डॉक्टर असणे हे तिचे वैशिष्ट्य होते. त्या जागांवर मोठ्या संख्येने आयुर्वेद पदवीधर गेले. २०१८ मध्ये आयुष्मान भारत योजनेखाली उपकेंद्रांचे आरोग्यवर्धिनी केंद्रांत रूपांतर होऊ लागले आणि समुदाय आरोग्य अधिकारी हे नवे पद आले. सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम पूर्ण करून आपले पदवीधर तेथे काम करू लागले. २०२३ मध्ये या केंद्रांचे आयुष्मान आरोग्य मंदिर असे नामकरण झाले. औषधनिर्माणशाळांना तर औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीतील १५७ व्या नियमानुसार पूर्णवेळ तांत्रिक व्यक्ती नेमावीच लागते आणि त्या पदासाठी आयुर्वेदाची पदवी ग्राह्य आहे.

ही सर्व कामे कष्टाची आहेत. बारा-बारा तासांची पाळी, अपुरी झोप, नातेवाइकांचा राग, वरिष्ठांची बोलणी आणि बेताचे वेतन हा त्यांचा सर्वसाधारण स्वभाव आहे. तरीही ती कमी प्रतीची आहेत, असे आम्ही मानत नाही. केवळ शास्त्र जाणणारा आणि केवळ कर्म जाणणारा असे दोघेही वैद्य अपुरेच, असे सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात बजावले आहे. दोन्ही जाणणाऱ्याला त्यांनी दोन चाकांच्या रथाची उपमा दिली आहे. चरकाचार्यांनी वैद्याचे जे चार गुण सांगितले त्यांत शास्त्राच्या निर्मळ ज्ञानालगत दुसरे स्थान दृष्टकर्मतेला आहे. महाविद्यालय पहिले चाक देते. दुसरे चाक बसविण्याची जागा पहिली नोकरी हीच होय.

आमची रात्रपाळी

आमची पदवी या शतकाच्या प्रारंभीची. आंतरवासिता संपताच आम्ही एका तालुक्याच्या गावी पंचवीस खाटांच्या रुग्णालयात रात्रीचे वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झालो. वेळ रात्री आठ ते सकाळी आठ. वेतन खोलीचे भाडे आणि खाणावळ यांतच संपून जाई.

एका पावसाळी रात्री साठीच्या घरातील एक शेतकरी छातीत जळजळ आणि सतत उचकी अशी तक्रार घेऊन आले. संध्याकाळी झणझणीत वांग्याचे भरीत व भाकरी पोटभर खाल्ल्याचे त्यांनीच सांगितले. आम्ही मनात विदग्धाजीर्ण निश्चित करून टाकले आणि लिहावयास कागद पुढे ओढला. पाळीवरील परिचारिका वयाने आमच्या मातोश्रींएवढ्या होत्या. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "डॉक्टर, कपाळावरचा घाम बघा. हात गार लागतोय. कार्डिओग्राम काढून घेऊ या का?" आम्हांला क्षणभर ते रुचले नाही, परंतु आलेख निघाला आणि हृदयाच्या खालच्या भित्तीचा रक्तपुरवठा खंडित झाल्याचे स्पष्ट दिसले. फिजिशियनांना तातडीने बोलावणे गेले. ते गृहस्थ वाचले आणि आठवड्याने चालत घरी गेले. आमची चूक होता होता टळली, हे त्या परिचारिकाबाईंनी कोणालाही कळू दिले नाही.

त्या रात्रीचा धडा आमच्या हातात कायमचा उतरला. पुढे अनेक वर्षांनी स्वतःच्या चिकित्सालयात एक शिक्षक अम्लपित्तासाठी सूतशेखर मागण्यास आले. नाडी पाहण्यासाठी मनगट हाती घेतले तेव्हा ते थंड व ओलसर लागले. औषधाची पुडी न बांधता आम्ही त्यांना थेट हृदयरोग केंद्राकडे रवाना केले. तेथे निदान तेच निघाले. एवढ्या एका प्रसंगासाठीसुद्धा रात्रपाळीची सर्व जागरणे सार्थकी लागली, असे आम्ही मानतो. धोका ओळखणे, वेळ न दवडता योग्य ठिकाणी पाठविणे, वेळ घालून टिपण लिहिणे, नातेवाइकांना खरी परिस्थिती सौम्य शब्दांत सांगणे, पाळी बदलताना प्रत्येक खाटेचा वृत्तांत पुढच्याच्या हाती देणे या गोष्टी आम्ही तेथेच शिकलो. पुढील आयुष्यात त्यांचा उपयोग झाला नाही असा आठवडा क्वचितच गेला असेल.

परंतु दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एका वर्षासाठी धरलेली नोकरी चार वर्षे चालली. चौथ्या वर्षी दिवाळीला गावी गेलो असता वडिलांचे स्नेही असलेल्या एका वृद्ध वैद्यांनी सहज विचारले, "काय हो, ज्वराच्या रुग्णाला तूप केव्हा सुरू कराल?" दोष पक्व झाले, कफ मंदावला आणि वातपित्ताचे प्राधान्य दिसू लागले म्हणजे साधारणतः दहा दिवसांनंतर, हे उत्तर आम्ही विद्यार्थिदशेत झोपेतही दिले असते. त्या दिवशी आम्ही चाचरलो. चार वर्षांत क्वचितच एखादी रात्र ज्वराच्या रुग्णावाचून गेली होती आणि त्या चार वर्षांत चरकाचा ज्वरचिकित्सेचा अध्याय आम्ही एकदाही उघडला नव्हता. वैद्यबुवांनी विषय बदलला. त्या शरमेपोटीच आम्ही पुढील तीन महिन्यांत राजीनामा दिला.

नोकरीने आमचे शास्त्र हिरावून घेतले, असे आम्ही म्हणणार नाही. ग्रंथ उघडण्यास कोणी मना केले नव्हते. आम्हीच त्या नोकरीत काय मिळवावयाचे व कधी निघावयाचे, हे ठरविले नव्हते.

दोन वह्या

म्हणून आम्ही नवपदवीधरांना प्रथम दोन वह्या घेण्यास सांगतो. पहिल्या वहीत नोकरी जे शिकवील ते लिहावे. आज प्रथमच पाहिलेली आपत्ती, झालेली वा होता होता राहिलेली चूक, वरिष्ठांनी घेतलेला निर्णय आणि त्याचे कारण. दुसऱ्या वहीत त्याच रुग्णाकडे आयुर्वेदाच्या दृष्टीने पाहून जे दिसले ते लिहावे. येथे एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगतो. रुग्णालयातील उपचार जबाबदार तज्ज्ञांचे असतात, त्यात परस्पर काही बदल करणे वा लपूनछपून औषध देणे सर्वथा अयोग्य आहे. दुसरी वही केवळ पाहण्यासाठी व विचारासाठी आहे. रुग्णाचे नाव तिच्यात नसावे.

पाहण्यासारखे किती असते! पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला शल्यविशारद सकाळी पहिला प्रश्न विचारतात, "गॅस पास झाला का?" अपानाचे अनुलोमन होईपर्यंत अन्न न देण्याचा हा विचार आपल्याला परका वाटू नये. त्यानंतर प्रथम पाणी, मग पेज, मग मऊ भात असा क्रम सुरू होतो. संशोधनानंतरचा पेयादि संसर्जनक्रम ज्याने केवळ परीक्षेपुरता पाठ केला, त्याला अग्नी हळूहळू कसा वाढतो हे या खाटेशेजारी प्रत्यक्ष दिसते. आठवडाभर चाललेल्या ज्वरात जिभेवरचा लेप कोणत्या दिवशी उतरला, भूक केव्हा लागली, अंग हलके केव्हा झाले, मल-मूत्राची प्रवृत्ती कशी बदलली, हे रोज टिपले तर साम व निराम या शब्दांना अर्थ येतो. अतिदक्षता विभाग तर चरकाच्या इंद्रियस्थानाचे बारा अध्याय समजून घेण्याचे ठिकाण आहे. श्वासाची बदललेली लय, वर्ण, स्वर, हातपायांचा स्पर्श यांवरून साध्यासाध्यत्वाचा अंदाज बांधावा आणि यंत्रांच्या नोंदींशी तो ताडून पाहावा. अंदाज चुकला तर तेही लिहावे. ही संधी बाह्यरुग्ण विभागात बसणाऱ्या वैद्याला मिळत नाही.

सुश्रुताचार्यांनी शिष्याला कोहळा, भोपळा, काकडी यांसारख्या फळांवर छेदनकर्माचा सराव करावयास सांगितले. कोहळा कापण्यात कोणाला गौरव वाटणार? परंतु कोहळा कापताना मनात शल्यकर्म असावे, हा त्या योग्याविधीचा हेतू होता. पहिल्या नोकरीतील पुष्कळशी कामे, जसे सलाईनचा वेग मोजणे, तक्ते भरणे, डिस्चार्ज कार्ड लिहिणे, या कोहळ्यासारखीच असतात. मनात पुढचे कर्म असेल तर ती शिक्षण ठरतात. नसेल तर केवळ हमाली.

पायरीची ओसरी कशी होते

आमच्या अनुभवात याची कारणे चार दिसतात.

पहिले, मुदत ठरलेली नसते. "थोडे दिवस" या शब्दाला दिनदर्शिकेत जागा नाही. रुजू होण्याच्या दिवशीच निघण्याचा महिना कागदावर लिहून तो घरातील एका वडीलधाऱ्या व्यक्तीच्या हाती द्यावा. परिस्थितीमुळे तो पुढे ढकलावा लागला तर ढकलावा, परंतु नवा महिना पुन्हा लिहावा.

दुसरे, वेतन हळूहळू वाढते आणि खर्च त्याहून लवकर वाढतो. रात्री एका रुग्णालयात व दिवसा दुसऱ्या रुग्णालयात अशा दोन नोकऱ्या करणारे तरुण आम्ही पाहतो. मिळकत दुप्पट दिसते, परंतु वाचन आणि झोप या दोन्ही गोष्टी जातात. निद्रानाशाचे परिणाम इतरांना समजावून सांगणाऱ्याने हे विसरू नये. दर महिन्याला ठरावीक रक्कम दवाखान्याच्या अनामतीसाठी बाजूला काढण्याची शिस्त पहिल्या वेतनापासून असावी.

तिसरे, गुरूचा सहवास तुटतो. आठवड्यातून निदान एक सायंकाळ एखाद्या अनुभवी वैद्याच्या चिकित्सालयात बसावे. नवी दिल्ली येथील राष्ट्रीय आयुर्वेद विद्यापीठ १९८८ मध्ये स्थापन झाले ते गुरुशिष्य परंपरेच्या पुनरुज्जीवनासाठीच. त्याच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमात पदवीधराला नामांकित वैद्याजवळ राहून शिकता येते व विद्यावेतनही मिळते. पहिली नोकरी सोडल्यावर किंवा तिच्याऐवजी हा मार्ग अवश्य पाहावा.

चौथे कारण अधिक नाजूक आहे. रुग्णालयात आपण उपयोगी आहोत, याचा अनुभव रोज येतो. स्वतःच्या दवाखान्यात पहिले सहा महिने माश्या माराव्या लागतात. रोज वीस रुग्णांनी "डॉक्टर" म्हणून हाक मारलेली ऐकण्याची सवय झालेल्या माणसाला रिकाम्या बाकाकडे पाहत बसणे जड जाते. अनेक चांगले वैद्य या भीतीनेच पायरी सोडत नाहीत. त्यांना दोष देण्यापूर्वी त्या रिकाम्या बाकाच्या काळात आपण त्यांच्या पाठीशी उभे राहिलो का, हे आपण स्वतःला विचारावे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. कोणी विचारपूर्वक आपत्कालीन सेवेलाच आयुष्य वाहून घेतले, तर तो मार्ग आदरणीयच आहे. रात्री तीन वाजता घाटात अडकलेल्या प्रसूतेपर्यंत पोहोचणाऱ्या १०८ वरील वैद्याला कमी लेखण्याचा अधिकार कोणालाही नाही. बहिणीचे लग्न, वडिलांचे आजारपण, डोक्यावरचे कर्ज यांसाठी नोकरीत राहणाऱ्यालाही आम्ही दोष देत नाही. आमचा आक्षेप न ठरविता राहून जाण्याला आहे.

निर्माणशाळेची पायरी

आता औषधनिर्माते बंधूंसाठी काही शब्द. तरुण वैद्याला शिकण्यासाठी निर्माणशाळेसारखी जागा नाही, आणि वाया जाण्यासाठीही तिच्यासारखी जागा नाही.

नीट राबवून घेतल्यास दोन वर्षांत तो काय काय शिकू शकतो? अशोकाच्या नावाखाली बागेतील उंच, सरळ आसुपालवाची साल आली तर ती ओळखणे. नागकेशराच्या नावाने बाजारात विकल्या जाणाऱ्या सुरंगीच्या कळ्या वेगळ्या काढणे. तैलपाकात फेस येतो व घृतपाकात तो शमतो, हे सिद्धीचे लक्षण कढईशेजारी उभे राहून पाहणे. मृदुपाक संपून खरपाक सुरू होण्यातील थोडक्या मिनिटांचा फरक हाताच्या वर्तीवरून जाणणे. वारितर, रेखापूर्ण, निश्चंद्र या कसोट्या स्वतःच्या बोटांनी घेणे. संधान बिघडले तर ते का बिघडले, याचा शोध घेणे. अशा वैद्याने पुढे चिकित्सालय उघडले तर आपल्या औषधांचा तो सर्वांत जाणता ग्राहक ठरेल. निर्माणशाळेतच राहिला तर आपला उजवा हात होईल.

प्रत्यक्षात काय घडते? काही ठिकाणी त्याला नोंदवह्यांवर स्वाक्षऱ्या करण्यापुरते बसविले जाते. त्याहून वाईट प्रथा म्हणजे पदवी भाड्याने घेण्याची. महिन्याला ठरावीक रक्कम देऊन प्रमाणपत्राची प्रत भिंतीवर लावायची आणि वैद्याने पाऊल टाकावयाचे नाही! नियम १५७ ला पूर्णवेळ कर्मचारी अभिप्रेत आहे. २००० मध्ये आलेल्या अनुसूची टी ने उत्तम निर्मितीपद्धतीच्या नोंदी बंधनकारक केल्या; त्या नोंदींखाली ज्याची स्वाक्षरी, त्याच्यावर उद्या जबाबदारी येते. बॅच सदोष निघाली तर कढई कधीही न पाहिलेला तो पंचवीस वर्षांचा मुलगा काय उत्तर देणार? आम्ही तरुणांना स्पष्ट सांगतो की, असा पैसा कितीही सोपा वाटला तरी घेऊ नये. आणि मालक बंधूंना तितकेच स्पष्ट सांगतो की, देऊही नये.

आपल्याकडून काय व्हावे

पायरी चढणे हे तरुणांचे काम, परंतु ती बांधणे आपले. आपल्यापैकी अनेकजण रुग्णालये, पंचकर्म केंद्रे व निर्माणशाळा चालवितात. आपल्याकडे येणाऱ्या पहिल्या नोकरीच्या वैद्यासाठी पुढील गोष्टी अवघड नाहीत.

१. नेमणूकपत्र लेखी असावे. त्यात कामाचे स्वरूप, वेळ, वेतन, साप्ताहिक सुटी आणि कोणाच्या मार्गदर्शनाखाली काम करावयाचे, याचा उल्लेख असावा. नोंदणीच्या मर्यादेबाहेरचे काम त्याच्याकडून करवून घेऊ नये.

२. मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवू नयेत. पडताळणी करून त्याच दिवशी परत करावीत.

३. रात्रपाळीसाठी आतून कडी लागणारी, प्रकाश असलेली स्वतंत्र खोली असावी. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यात कामावर असलेल्या तरुण महिला डॉक्टरच्या बाबतीत जे घडले, त्यानंतर याविषयी अधिक लिहिण्याची आवश्यकता नसावी. वैद्यभगिनींच्या येण्याजाण्याच्या सोयीचाही विचार व्हावा.

४. आठवड्यातून एक तास शिकविण्यासाठी राखून ठेवावा. एका रुग्णावर वा एका कल्पावर चर्चा व्हावी. चरकाने विमानस्थानात वर्णिलेली तद्विद्यसंभाषा यापेक्षा वेगळी नव्हती.

५. तो निघू लागला की त्याने जे काम केले त्याचे खरे, तपशीलवार अनुभवपत्र द्यावे. "माझ्याकडे शिकला आणि समोरच दवाखाना टाकला" अशी कुरकुर करू नये. समोरचा वैद्य चांगला असेल तर त्या रस्त्याला आयुर्वेदाचा रस्ता म्हणून नाव होते.

आपल्या प्रत्येक सभेत एक खंत हमखास ऐकू येते की, तरुण मंडळी आयुर्वेद करीत नाहीत. परंतु ज्या वयात त्यांना बसावयास बाक हवे होते, त्या वयात आपल्यापैकी कितीजणांनी बाक दिले? रुग्णालयांनी निदान रात्रीची खाट तरी दिली.

जीवकाचा मुक्काम

या संदर्भात आम्हांला नेहमी जीवकाची आठवण होते. सात वर्षे तक्षशिलेत शिकून तो राजगृहाकडे परत निघाला. वाटेत साकेत नगरीत त्याची शिदोरी संपली. पुढचा प्रवास दुर्गम होता आणि खर्चाची सोय करणे भाग होते. तेथील एका श्रेष्ठीची पत्नी सात वर्षे शिरोरोगाने पीडित होती. मोठमोठे वैद्य हात टेकून गेले होते. हा एवढा तरुण वैद्य काय करणार, म्हणून तिने प्रथम नकार दिला. बरे वाटल्यावरच काय द्यावयाचे ते द्यावे, अशी अट घालून जीवकाने औषधिसिद्ध तुपाचे नस्य दिले आणि ती बरी झाली. विनयपिटकातील या कथेनुसार त्या कुटुंबाकडून त्याला सोळा हजार कार्षापण, दास-दासी व रथ मिळाला. साकेतातच दवाखाना मांडण्याइतके यश पहिल्याच रुग्णात पदरी पडले होते. जीवकाने रथ जोडला आणि तो राजगृहाकडे निघाला. तेथे पोहोचल्यावर ती पहिली कमाई त्याने आपले पालनपोषण करणाऱ्या राजपुत्र अभयापुढे ठेवली.

साकेत त्याने टाळले नाही. तेथील काम त्याने अर्धवट मनानेही केले नाही. परंतु आपण कोठे निघालो आहोत, हे त्याला ठाऊक होते.

लेखाच्या प्रारंभी उल्लेखिलेले ते चौतीस वर्षांचे वैद्य वर्षभर मंगळवारी व शुक्रवारी आमच्याजवळ बसले. नोकरी त्यांनी सोडलेली नाही. घरची जबाबदारी मोठी आहे. मात्र गेल्या गुढीपाडव्यापासून आठवड्यातून तीन सायंकाळी ते स्वतःच्या गावी चिकित्सालय चालवितात. या वर्षात त्यांनी आमच्याकडून जितके घेतले तितकेच दिलेही. आमच्या सर्व सहायकांना त्यांनी हृदय व श्वास थांबलेल्या माणसावर छातीदाबाचे प्राथमिक उपचार कसे करावेत, हे बाहुलीवर शिकविले आणि आमच्या टेबलाचा एक खण आपत्कालीन साहित्यासाठी लावून दिला. गेल्या आठवड्यात त्यांचा दूरध्वनी आला. आमवाताच्या एका रुग्णाला लंघन व दीपन-पाचनानंतर सिंहनाद गुग्गुळ सुरू केला आहे, मात्रा एकदा पडताळून पाहावी, असे ते म्हणत होते.

आमची सर्व शाखांना एवढीच विनंती आहे की, येत्या आंतरवासितेच्या समाप्तीपूर्वी प्रत्येक तालुक्यात अशा वैद्यांची व निर्माणशाळांची यादी करावी, जे आठवड्यातून एक सायंकाळ एका नवपदवीधराला आपल्याजवळ बसू देतील. आमचे नाव त्या यादीत घ्यावे. मंगळवार आणि शुक्रवारचे आमच्याकडील ते बाक सध्या रिकामे आहे.